गळ्यातली ग्रंथी आणि गव्हाचा अपराध



आजचा विषय फलकावर लागल्यापासून रस्त्यात भेटणारा जो तो आम्हांला एकच प्रश्न विचारीत आहे : "मागण्यांची निवेदने सोडून तुम्ही पोळी-भाकरीचे प्रकरण कधीपासून हाती घेतलेत?" प्रश्न रास्त आहे. आम्ही डॉक्टर नाही आणि वैद्यही नाही. आमचे आयुष्य कामगारांच्या सभा, वाटाघाटी आणि कचेऱ्यांच्या पायऱ्या यांत गेले. शाळेने आम्हांला लवकर निरोप दिला. पुढे जे काही शिकलो ते वाचनालयाच्या बाकावर. तरीही हा विषय आम्ही मागून घेतला, कारण या विषयात आम्ही दोन वेळा चुकलो, आणि दोन्ही वेळा चुकीची किंमत दुसऱ्या कोणीतरी मोजली. त्या दोन चुकांचा हिशेब आज आपल्यापुढे मांडायचा आहे. औषध मात्र आम्ही सांगणार नाही. तो अधिकार डॉक्टरांचा. आणि तो आपला नव्हे हे विसरल्यामुळेच आमची दुसरी चूक घडली.

पहिली हकीकत अशी. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मालाच्या बांधणीचे काम करणाऱ्या एक बाई आमच्या सभासद. वय चाळिशीच्या आतले. त्यांना थायरॉइडचा विकार निघाला आणि रोजची गोळी सुरू झाली. पन्नास मायक्रोग्रॅमची गोळी पंचाहत्तरची झाली, पंचाहत्तरची शंभराची, मग दीडशेची. तरी तपासणीचा आकडा ताळ्यावर येईना. अंगात रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या, त्याही अंगी लागेनात. कामावर खाडे पडू लागले आणि खाड्यांचे प्रकरण आमच्याकडे आले. त्या वेळी बाई म्हणाल्या, "भाऊ, मी मुरबाडकडे माहेरी गेले की मला बरं वाटतं. तिकडं भात आणि नाचणीची भाकरी. कल्याणला परत आले, डब्यात पोळी आली, की पंधरा दिवसांत पोट बिघडतं."

आम्ही हसलो. "माहेरी गेल्यावर कोणाला बरं वाटत नाही?" असे म्हणालो आणि वर गोळ्या वेळेवर घेण्याचा उपदेश केला. बाई गप्प बसल्या. पुढे वर्षभराने एका डॉक्टरांनी त्यांच्या रक्ताची एक निराळी तपासणी केली, दुर्बिणीतून लहान आतड्याचा बारीकसा तुकडा काढून पाहिला, आणि सांगितले की बाईंना सिलिअ‍ॅक नावाचा विकार आहे. गहू त्यांच्या आतड्याला खरोखरच सोसत नव्हता. बाईंनी स्वतःच्या शरीराचे निरीक्षण अचूक केले होते. आणि ज्यांनी ते आधी ऐकून घ्यायचे, त्या आम्ही ते हसण्यावारी नेले होते.

ही चूक मनाला लागली, म्हणून आम्ही वाचू लागलो. जे समजले ते आमच्याच भाषेत सांगतो.

आपल्या गळ्याच्या पुढच्या बाजूस, कंठमण्याच्या खाली, फुलपाखराच्या आकाराची एक ग्रंथी असते. तिचे वजन जेमतेम वीस ग्रॅम. जेवणातून येणारे आयोडीन घेऊन ती एक रस तयार करते, आणि शरीराच्या कारखान्यातले प्रत्येक यंत्र किती वेगाने चालायचे हे तो रस ठरवतो. रस कमी पडला की सगळी खाती मंदावतात. माणूस थकतो, वजन वाढते, थंडी सोसत नाही, केस गळतात, बद्धकोष्ठ होतो, विसरायला होते, बायकांची पाळी बिघडते.

या ग्रंथीवर मेंदूच्या बुडाशी बसलेला एक मुकादम आहे. माल कमी निघू लागला की मुकादमाचा आवाज चढतो. तपासणीच्या कागदावर टीएसएच म्हणून जो आकडा येतो, तो म्हणजे या मुकादमाचा आवाज. आकडा चढला म्हणजे ग्रंथी जोरात काम करते आहे अशी पुष्कळांची समजूत असते. खरी गोष्ट बहुधा उलटी असते : माल निघत नाही म्हणून मुकादम ओरडत असतो.

आता माल का निघत नाही? पूर्वी याचे मोठे कारण आयोडीनचा तुटवडा हे होते. हिमालयाच्या पायथ्याची गावेच्या गावे गलगंडाने त्रस्त होती. १९५६ पासून कांगडा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयोडीनयुक्त मिठाचा प्रयोग केला. त्याला यश आले, आणि १९६२ मध्ये सरकारने गलगंड नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. आयोडीनयुक्त मीठ घरोघर पोहोचल्यानंतर दुसरे एक कारण पुढे दिसू लागले. शरीराच्या फाटकावर रोगजंतूंना अडवण्यासाठी जे पहारेकरी असतात, तेच कधीकधी घरच्या माणसाला चोर समजून त्याच्यावर लाठी चालवतात. ती लाठी या ग्रंथीवर पडत राहिली म्हणजे ग्रंथी हळूहळू निकामी होत जाते. हाकारू हाशिमोतो या जपानी शल्यवैद्याने १९१२ मध्ये चार स्त्रियांच्या अशा ग्रंथींचे वर्णन प्रसिद्ध केले. म्हणून या विकाराला त्याचे नाव मिळाले. पण हा मार घरच्याच पहारेकऱ्यांचा आहे हे उमगायला १९५६ साल उजाडावे लागले. लंडनमध्ये डॉ. डेबोरा डोनिआक, इव्हान रॉइट आणि त्यांचे सहकारी यांना या रुग्णांच्या रक्तात स्वतःच्याच ग्रंथीविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे सापडली.

हा विकार पुरुषांपेक्षा स्त्रियांत कितीतरी पटींनी अधिक आढळतो. २०१३ मध्ये आपल्या देशातील आठ शहरांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांत मुंबई आणि गोवाही होते. पाच हजारांहून अधिक प्रौढ माणसे तपासली, तेव्हा शंभरात सुमारे अकरांची ग्रंथी मंद आढळली, आणि शंभरात सुमारे बावीस जणांच्या रक्तात ही प्रतिपिंडे होती. म्हणजे या सभामंडपात जितक्या खुर्च्यांच्या रांगा आहेत, त्यांतील प्रत्येक रांगेत एखादी तरी व्यक्ती ही गोळी घेत असेल किंवा तिने ती घ्यायला हवी असेल.

आता गव्हाकडे येऊ. ग्लुटेन हा शब्द नवा असला तरी वस्तू आपल्या घरातल्या प्रत्येक गृहिणीच्या हाताला ठाऊक आहे. कणीक मळून ती पाण्याखाली धूत राहिले की पांढरे सत्त्व वाहून जाते आणि हातात रबरासारखा ताणला जाणारा गोळा उरतो. तो ग्लुटेन. त्याच्याच बळावर पोळी लाटण्याखाली पसरते आणि तुटत नाही. ज्वारीच्या पिठात तो नाही. म्हणून भाकरीच्या पिठात कढत पाणी घालावे लागते आणि भाकरी लाटण्याऐवजी थापावी लागते. गहू, जव आणि युरोपात पिकणारी राय या तीन धान्यांत हा पदार्थ असतो. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी, राजगिरा यांत नसतो.

हा पदार्थ काही माणसांना विषासारखा बाधतो, याचा छडा लागण्याची कथा मोठी विलक्षण आहे. विल्लेम डिके हे हॉलंडमधील हेग शहरातले बालरोगतज्ज्ञ. पोटाच्या एका चिवट विकाराने खंगणाऱ्या मुलांवर ते उपचार करीत, आणि पावाचा काही संबंध असावा असा त्यांचा संशय होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात महायुद्धामुळे हॉलंडमध्ये दुष्काळ पडला. पाव मिळेनासा झाला. लोक ट्यूलिपचे कंद उकडून खाऊ लागले. भोवतालचे लोक उपासमारीने खंगत असताना ही मुले मात्र सुधारली. पुढे पाव परत आला आणि त्यांचे दुखणेही परत आले. १९५० मध्ये डिके यांनी आपला प्रबंध सादर केला. सिलिअ‍ॅक विकारात गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याचे अस्तर झिजते आणि खाल्लेले अन्न, घेतलेले लोह, घेतलेले औषध, काहीच नीट शोषले जात नाही, हे पुढच्या संशोधनाने पक्के झाले. आमच्या मुरबाडच्या बाईंनी माहेर आणि सासर यांच्या तुलनेतून जे ओळखले, तेच या डच डॉक्टरांनी ओळखले होते. फरक एवढाच की डॉक्टरांचे म्हणणे जगाने अखेर ऐकले.

येथे आपण विचाराल की पोटाचा विकार आणि गळ्याची ग्रंथी यांचा संबंध काय? आपण कल्याणकर आहोत, म्हणून कल्याणचाच दाखला देतो. कसाऱ्याकडे जाणारी आणि कर्जतकडे जाणारी गाडी आपल्या जंक्शनपर्यंत एकाच मार्गाने येते. पुढे वाटा फुटतात. पहारेकऱ्यांनी घरच्यांवर लाठी उगारण्याचा जो दोष, तो या दोन्ही विकारांचा सामाईक मार्ग आहे. म्हणून एकाच माणसाला दोन्ही विकार होण्याचा संभव सर्वसाधारण लोकांपेक्षा अधिक. जगात सिलिअ‍ॅकचे प्रमाण शंभरात सुमारे एक असे धरतात. थायरॉइडच्या या रुग्णांत ते शंभरात दोनचार इतके आढळते. संबंध आहे, पण तो एवढाच आहे. शंभरातल्या ज्या पंचाण्णवांहून अधिक रुग्णांना सिलिअ‍ॅक नाही, त्यांची ग्रंथी गव्हाने बिघडवली असे म्हणायला पुरावा नाही. कसाऱ्याची गाडी उशिरा आली म्हणून कर्जतच्या गाडीच्या चालकाला दंड करणे बरोबर नाही.

ही शेवटची गोष्ट तेव्हा आम्हांला कळली नव्हती, आणि तेथेच दुसरी चूक घडली.

बाईंना गहू सोडल्यावर उतार पडला. लोह अंगी लागू लागले, गोळीची मात्रा डॉक्टरांनी दीडशेवरून खाली आणली, खाडे थांबले. आम्हांला तर नवा मुद्दा मिळाल्यासारखे झाले. जेथे जाऊ तेथे आम्ही ही हकीकत सांगू लागलो, आणि सांगता सांगता तिच्यातला 'सिलिअ‍ॅक' हा अवघड शब्द गळून पडला. उरले ते एवढेच : "थायरॉइड आहे? गहू सोडा." रेल्वेतील आमच्या एका जुन्या सहकाऱ्याच्या घरी चहाला गेलो असता त्यांच्या पत्नीलाही आम्ही हेच सांगितले. वहिनी सहा वर्षे गोळी घेत होत्या आणि त्यांची प्रकृती ठीक होती.

वहिनींनी गहू सोडला. पोळी गेली, तिच्याबरोबर पाव, खारी, टोस्ट, बिस्किटेही गेली. साहजिकच तीन आठवड्यांत अंग हलके वाटू लागले. मुंबईहून ग्लुटेनविरहित पिठाच्या पिशव्या येऊ लागल्या. साध्या कणकेच्या कितीतरी पट दराने आणलेले ते पीठ एका पगारावर चालणाऱ्या घराला परवडणारे नव्हते. दूध कमी केले गेले, मुलांची फळे थांबली. आणि मग वहिनींच्या मनात आले की मूळ कारणच दूर झाले, तर गोळी कशाला? गोळी थांबली.

ही गोळी सोडणाऱ्याची फसगत कशी होते पाहा. शरीरातले हे औषध निम्म्यावर यायलाच सुमारे आठवडा लागतो. म्हणून आज गोळी सोडली तर उद्या काही होत नाही, परवा काही होत नाही, आणि माणूस म्हणतो, "बघा, गोळीची गरजच नव्हती." वहिनींचेही तसेच झाले. चार महिन्यांनी आम्ही पुन्हा त्या घरी गेलो, तेव्हा वैशाखाच्या उकाड्यात त्या अंगावर पांघरूण घेऊन बसल्या होत्या. चेहरा सुजलेला, आवाज जड, बोलणे संथ. दुसऱ्या दिवशी त्यांना रुग्णालयात न्यावे लागले. बऱ्या झाल्यावर त्या रागावल्या नाहीत, एवढेच म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही सांगितलंत म्हणून केलं."

संपात हरलो त्या दिवशीही आम्हांला इतके वाईट वाटले नव्हते.

पुढे डॉक्टरांना वाटले की वहिनींना सिलिअ‍ॅक आहे की नाही ते एकदा पाहून घ्यावे. पण येथेही आमच्या उपदेशाने घोटाळा करून ठेवला होता. सिलिअ‍ॅकची रक्ततपासणी गहू खात असतानाच भरवशाची असते. गहू सोडून महिने लोटले की रक्तातल्या खुणा पुसल्या जातात, आणि विकार असूनही तपासणी 'नाही' म्हणते. त्यामुळे वहिनींना सहा आठवडे रोज पुन्हा पोळी खावी लागली आणि मगच रक्त तपासता आले. निकाल काय, तर सिलिअ‍ॅक नाही. गहू निर्दोष सुटला, आणि आरोपीच्या पिंजऱ्यात आम्ही उरलो.

तेव्हा आज येथून घरी जाताना एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा : आधी तपासणी, मग पथ्य. ब्रिटनमध्ये २०१५ साली डॉक्टरांना दिलेल्या मार्गदर्शनात असे म्हटले आहे की थायरॉइडचा हा स्वयंप्रतिकारक विकार निघालेल्या रुग्णाला निदानाच्या वेळीच सिलिअ‍ॅकची रक्ततपासणी देऊ करावी, आणि तपासणीपूर्वी किमान सहा आठवडे रोज एकाहून अधिक जेवणांत गहू असावा. आपल्याकडेही आपल्या डॉक्टरांना हे विचारता येते. विशेषतः मात्रा वाढवूनही टीएसएच उतरत नसेल, रक्तक्षय लोहाने भरून निघत नसेल, पोट वरचेवर बिघडत असेल, वजन विनाकारण उतरत असेल, किंवा घरात कोणाला सिलिअ‍ॅक असेल, तर अवश्य विचारावे.

तपासणीत सिलिअ‍ॅक निघाला, तर मग पथ्यात तडजोड नाही. "सणापुरती एक पुरणपोळी" हे चालत नाही. पथ्य जन्मभराचे आणि पूर्ण. आपल्या स्वयंपाकघरात गहू किती ठिकाणी लपलेला असतो हे आम्हांला त्या बाईंच्या घरी पाहायला मिळाले. रवा, मैदा, शेवया, लापशी आणि गव्हाच्या चिकाच्या कुरडया ही तर उघड नावे. पण थालिपिठाच्या भाजणीत पुष्कळ घरी मूठभर गहू असतो. बाजारच्या डबीतल्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. चायनीजच्या गाडीवरच्या सोया सॉसमध्ये गहू असतो. माल्टच्या पेयांत जव असतो. आणि हल्ली आरोग्याला उत्तम म्हणून चढ्या भावाने विकला जाणारा खपली गहू हाही गहूच. त्यातही ग्लुटेन आहे. शेवटची जागा सगळ्यांत अनपेक्षित : पिठाची गिरणी. गव्हाच्या दळणापाठोपाठ ज्वारी टाकली की त्या पिठात गहू येतोच. बाईंनी आता गिरणीवाल्याशी बोलून ठेवले आहे. यंत्र झाडून घेतल्यावर सकाळचे पहिले दळण त्यांचे. पुडक्यावर ग्लुटेनविरहित असे छापायचे तर एक किलोत २० मिलिग्रॅमहून अधिक ग्लुटेन असता कामा नये, असा आपल्या देशाचा नियम आहे. पण महागडे पुडके आणलेच पाहिजे असे नाही. भात, भाकरी, घावन, आंबोळी, उकडीचे मोदक हे आपल्या आजीचे पदार्थ जन्मतःच ग्लुटेनविरहित आहेत.

एवढे केल्यावर आतडे सुधारते. परंतु गळ्यातली ग्रंथी पूर्ववत होते असे मात्र समजू नये. थायरॉइडची गोळी पुढेही चालूच राहते. बाईंचीही चालू आहे.

आणि तपासणीत सिलिअ‍ॅक निघाला नाही तर? अशांनी गहू सोडल्याने ग्रंथीचा विकार हटतो का, याची चौकशी झालेली आहे. पोलंडमधील एक प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. हाशिमोतोचा विकार असलेल्या ३४ स्त्रियांपैकी १६ जणींनी सहा महिने ग्लुटेन वर्ज्य केले, १८ जणींनी केले नाही. पहिल्या गटात प्रतिपिंडांचे प्रमाण काहीसे उतरले. पण टीएसएचमध्ये आणि ग्रंथीच्या रसात फरक पडला नाही. प्रयोग लहान, गटही चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते. एवढ्या आधारावर लाखो घरांतली पोळी बंद करा असे सांगणे योग्य नाही. ज्याला स्वतःहून भाकरी आवडते त्याने खुशाल खावी. मात्र ती गोळीच्या बदल्यात नको, आणि मुलांच्या दुधाच्या बदल्यात महाग पिठाच्या पिशव्याही नकोत.

मग या रुग्णांना आहाराचे काहीच पथ्य नाही काय? आहे, आणि ते गव्हापेक्षा जवळचे आहे. ते म्हणजे सकाळचा चहा. आमच्या सभासद भगिनी पहाटे साडेचारला उठतात, चहाचे आधण ठेवतात, एका हाताने डबा भरतात आणि दुसऱ्या हाताने गोळी तोंडात टाकून तिच्यावर चहाचा घोट घेतात, कारण सहाची लोकल गाठायची असते. ही गोळी उपाशी पोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर अर्धा ते एक तास चहा, दूध, नाश्ता काही घ्यायचे नाही. चहा आणि दूध तिला शोषू देत नाहीत. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या तर तिच्याहून चार तास दूर ठेवायच्या. पुष्कळांचा आकडा या एका दुरुस्तीने खाली येतो. एकीने आम्हांला विचारले, "अर्धा तास आणायचा कुठून?" उठल्याबरोबर, चूल पेटवण्याआधी, उशाशी ठेवलेल्या तांब्यातल्या पाण्याबरोबर गोळी घेतली की चहा होईपर्यंत वेळ जातो. ज्यांची रात्रपाळी असते किंवा सकाळी जमतच नाही, त्यांना रात्री जेवणानंतर किमान तीन तासांनी झोपताना गोळी घेता येते. हा बदल डॉक्टरांना विचारून करावा. गरोदरपणात गोळी सोडू तर नयेच. बहुधा मात्रा वाढवावी लागते. म्हणून दिवस गेल्याचे कळताच डॉक्टरांकडे जावे.

दुसरी गोष्ट मिठाची. नैसर्गिक म्हणून सैंधव आणि गुलाबी मीठ वापरण्याची टूम निघाली आहे. त्यांत आयोडीन नसल्यात जमा असते. उपवासापुरते ठीक, पण रोजच्या स्वयंपाकात आयोडीनयुक्त मीठच असावे, कारण त्याच आमटीतून घरातल्या मुलांना आणि गरोदर सुनेला आयोडीन मिळायचे असते. उलट, आयोडीन चांगले म्हणून त्याच्या निराळ्या गोळ्या किंवा समुद्रशेवाळाच्या पुड्या खाऊ नयेत. अधिक आयोडीनही या ग्रंथीला सोसत नाही.

तिसरी गोष्ट गहू सोडून सरसकट बाजरीकडे वळणाऱ्यांसाठी. सुदानच्या दारफूर भागात बाजरी हेच मुख्य अन्न असलेल्या लोकांत गलगंड फार आढळला, आणि १९८० च्या दशकातील संशोधनात बाजरीतील काही द्रव्ये ग्रंथीच्या कामात अडथळा आणतात असे दिसले. याचा अर्थ संक्रांतीची भाकरी टाकून द्या असा नाही. आयोडीन पुरेसे असेल आणि धान्ये आलटून पालटून असतील तर भीतीचे कारण नाही. कोबी, फ्लॉवर, मुळा यांचेही तसेच : शिजवून, नेहमीच्या प्रमाणात खुशाल खावेत. आपले जुने ताट, ज्यात भात, भाकरी, पोळी, आमटी, पालेभाजी, ताक आणि जमेल तेव्हा मासळी असे, ते याच हिशेबाचे होते. एका धान्याला देव करायचे आणि दुसऱ्याला राक्षस, ही रीत त्यात नव्हती.

मंडळी, आमच्या मनात आणखी एक गोष्ट आहे. हा विकार मुख्यतः स्त्रियांचा, आणि थकवा, सुस्ती, वजन, विसरभोळेपणा ही त्याची लक्षणे अशी की घरात त्यांना आजार म्हणत नाहीत, आळस म्हणतात. ज्या कल्याणात १८६५ मध्ये आनंदीबाई जोशी जन्मल्या, त्या आपल्या गावाला हे शोभत नाही. वैद्यकीय मदतीअभावी दहा दिवसांचे मूल गमावलेली ती मुलगी सातासमुद्रापार गेली आणि १८८६ मध्ये अमेरिकेतून डॉक्टर होऊन बाहेर पडली. आपल्या देशातल्या स्त्रिया आपले दुखणे पुरुष डॉक्टरला सांगत नाहीत, म्हणून स्त्री डॉक्टर हवी, हे तिचे म्हणणे होते. आज स्त्री डॉक्टर गल्लोगल्ली आहेत. तरी आमच्यासमोर एका बाईने आपले दुखणे स्पष्ट शब्दांत सांगितले आणि आम्ही ते विनोदावर नेले. सांगणारी होती, ऐकणारा नव्हता. ही कसर कुठल्याही पथ्याने भरून निघणारी नाही. ती ज्याची त्याने आपल्या घरी भरून काढायची आहे. घरातली बाई, मग ती आई असो, पत्नी असो की सून, महिनोन् महिने थकलेली दिसली तर तिला बोल लावण्याआधी तिचे रक्त तपासून आणा. टीएसएचची तपासणी साधी आहे. गोळी अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे आणि दिवसाला एकदोन रुपयांत मिळते. इतक्या स्वस्तात माणूस कामाला उभे राहते, हे आम्ही दुसऱ्या कोणत्याही आजारात क्वचितच पाहिले आहे.

दोन्ही भगिनींचे पुढे काय झाले ते सांगून थांबतो. वहिनी आता पहाटे पाण्याबरोबर गोळी घेतात आणि जेवताना पोळी खातात. गेल्या दिवाळीत त्यांनी आम्हांला शंकरपाळ्यांचा डबा पाठवला. तो कसा घ्यावा हे आम्हांला कळेना, पण घेतला. कारखान्यातील बाई डब्यात तांदळाची भाकरी नेतात. त्यांच्या कारखान्याच्या उपाहारगृहात पाव आणि पोळी यांखेरीज भाकरीचाही पर्याय असावा आणि तिच्यासाठी तवा वेगळा असावा, अशी मागणी आम्ही या वर्षीच्या मागणीपत्रात घातली. व्यवस्थापनाच्या माणसाने ती वाचली आणि तो हसला, अगदी आम्ही त्या दिवशी हसलो होतो तसा. आम्ही त्याला ही सगळी हकीकत, आमच्या हसण्यासकट, सांगितली. आता भाकरी आठवड्यातून दोन दिवस मिळते. उरलेल्या चार दिवसांसाठी बोलणी चालू आहेत.